एकोणतीस नोव्हेंबरची चार पानं

डिंडोली, सुरत
५ ऑक्टोबर २०२५

आक्का, पाया पडतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. फोन का उचलत नाहीस, असं तू पुन्हा विचारलंस. आक्का, फोन उचलतो मी, पण ऐकू काही येत नाही. डावा कान गेलाच आहे. उजव्यात मशीन घातलं की ते शिट्टी मारतं आणि तुझं बोलणं त्या शिट्टीच्या मागे कुठेतरी राहतं. पोरगा सागर म्हणतो, मेसेज करा. पण मेसेज काय आणि पत्र काय, तुला तुझी पोर योगिताच वाचून दाखवणार. मग पत्रच बरं. कागद हातात धरून बसता तरी येतं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तुझा भाऊ सरकारी दवाखान्यात कसा, असं गावात विचारतात म्हणालीस. त्याचं असं आहे. आमच्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्टची कायमची भरती होत नाही, आणि औषधं वाटायला माणूस तर लागतोच. म्हणून आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर देतात. नव्वदावा दिवस ब्रेक. त्या दिवशी मी सरकारचा कोणी नसतो. मग पुन्हा एकोणनव्वद दिवस. अशा किती ऑर्डरी झाल्या, मी मोजायचं सोडून दिलं.

सकाळी साडेसहाला निघतो, दोन बस बदलून हजीरा रोडच्या बाजूला केंद्रावर पोचतो. तिथे कंपन्यांमधले ठेक्यावरचे कामगार, त्यांच्या बायका, म्हातारी माणसं. दुपारपर्यंत शंभरेक लोक खिडकीवर येतात. संध्याकाळी घरी आलो की पाय माझे नसतात. सून मयुरी चहा देते, ओठ हलवते, मी मान हलवतो. काय बोलली ते देव जाणे.

योगिताच्या भरतीचं विचारलंस. अजून जाहिरात नाही. निघाली की कळवतो.

तुझा
बळी

*

२७ ऑक्टोबर २०२५

भाऊ बळी,

भाऊबीजेला तू आला नाहीस, मी चंद्राला ओवाळलं. रागावले नाही. दोन बस बदलणारा माणूस तिसरी कशी धरणार?

पण भरतीचं तू दोन वर्षांपासून हेच लिहितोस. तूच म्हणाला होतास, गुजरातेत जागा निघणार, पोरीचं नाव तिकडच्या फार्मासिस्टच्या रजिस्ट्रेशनला लावून घे. तिने खेपा घालून ते करून घेतलं. तिचे वडील असते तर मी तुझ्या मागे लागले नसते. ती सत्तावीसची झाली. लोक विचारतात, शिकून काय करते? मी काय सांगू? तू मोठ्या साहेबाच्या कानावर घाल. तुला ऐकू येत नसलं तरी त्याला येत असेल.

जेवत जा वेळेवर.

सुभद्रा

मामा, आई अहिराणीत सांगते आणि मी शाळेतल्या मराठीत लिहिते, त्यामुळे तिखट थोडं कमी झालंय. हे खालचं मी माझं लिहिते आहे. आई चुलीकडे गेली आहे. रिकाम्या जागांची यादी मी मोबाइलवर पाहिली. तुमच्या केंद्रात फार्मासिस्टची एक जागा रिकामी दाखवतात. एकच. मामा, त्या रिकाम्या जागेवर तुम्हीच बसता ना?

योगिता

*

सुरत
९ नोव्हेंबर २०२५

आक्का, पाया पडतो. योगिता, हे पत्र दोघींना आहे, सगळं मोठ्याने वाच.

योगिताने मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर हो. यादीत जी जागा रिकामी दिसते, तिच्यावर मी बसतो. मी बसतो म्हणून काम चालतं, काम चालतं म्हणून भरतीची घाई कोणाला नाही. हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण लाज वाटली.

पण एवढंही खरं की मी उठलो तर ती जागा योगिताला मिळणार नाही. ऑर्डरवर छापलेलं असतं, ‘फक्त निवृत्त फार्मासिस्ट’. माझ्या जागी दुसरा म्हातारा येईल. हे मी माझ्या समाधानासाठी स्वतःला रोज सांगतो आणि ते खरंही आहे, म्हणून जास्तच कंटाळा येतो.

मग मी का उठत नाही? आक्का, घरी मला कोणी टाकून बोलत नाही. सागर आणि मयुरी चांगली आहेत. पण ती दोघं आपसात भराभर गुजरातीत बोलतात, हसतात, आणि मी कपाटासारखा एका बाजूला. खिडकीवर तसं नाही. तिथे माणूस केस पेपर पुढे करतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. मी वाचतो, गोळ्या मोजतो, बोटाने सांगतो, सकाळी एक, रात्री एक. तिथे मी बहिरा आहे हे निम्म्या लोकांना माहीतही नाही.

योगिताला महिनाअखेरीला आठवडाभर इकडे पाठव. काम कसं चालतं ते तरी बघेल. २९ तारखेला माझा ब्रेक आहे, तेव्हा तिला हजीऱ्याचा समुद्र दाखवीन.

बळी

*

१० डिसेंबर २०२५

मामा,

सुखरूप पोचले. आई आज मला लिहायला देते आहे, ती फक्त बाजूला बसून ‘हे पण सांग, ते पण सांग’ म्हणते.

समुद्र राहूनच गेला, पण मला त्याचं काही वाटत नाही. ब्रेकच्या दिवशी तुम्ही ‘जरा डोकावून येऊ’ म्हणून मला केंद्रावर नेलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खिडकी बंद आणि बाहेर रांग. नर्सबाई एकेकाला सोमवारी या म्हणून सांगत होत्या. तुम्ही खिशातून किल्ली काढलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, ‘आज मी सरकारचा कोणी नाही. तू पण नाहीस. मग दोघांत काय फरक? बस.’

मामा, मी चार वर्षांपूर्वी पास झाले, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला फार्मासिस्ट असल्यासारखं वाटलं. एक्क्याण्णव लोक झाले. एका ओडिया बाईकडे साखरेच्या आजाराच्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, गोळी एकच, नाव वेगळं. ती दोन्ही घेत होती. मी ते पकडलं आणि डॉक्टर मॅडमकडून एक रद्द करून आणली, तेव्हा तुम्ही मागे स्टुलावर बसून चहा पीत होतात आणि चेहरा असा केलात की जसं काही हे रोजचंच आहे. मी पाहिलं हं.

आईला मी सगळं सांगितलं. रजिस्टरच्या चारही पानांखाली मी सही केली, नाव लिहिलं, रजिस्ट्रेशन नंबर लिहिला, तारीख टाकली, हेही सांगितलं. तेव्हापासून ती गावात ज्याला त्याला सांगत सुटली आहे, ‘मनी पोरनं नाव सुरतना सरकारी दप्तरमा शे.’ मी म्हटलं, आई, एकाच दिवसाचं आहे. ती म्हणाली, एक दिवसाचं का होईना, ते काय पुसलं जातंय?

शहाद्याला एका मेडिकल स्टोअरमध्ये विचारणा केली आहे. तोवर भरतीची वाट बघते.

तुमची
योगिता

*

सुरत
१८ जानेवारी २०२६

आक्का, पाया पडतो.

थंडी बरी आहे. संक्रांतीला सागर-मयुरी गच्चीवर पतंग उडवत होते. मी खाली बसून होतो.

आता जे लिहितो ते लिहायला आठ दिवस लागले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ती कुठल्या कागदावर नाही, पण सगळे पाळतात. ब्रेकच्या दिवशी आम्ही खिडकी उघडतो, औषधं देतो, आणि सही मात्र पुढच्या हजर दिवसाची तारीख टाकून करतो. म्हणजे कागदावर ब्रेक पण राहतो आणि लोकही परत जात नाहीत. मी सहा वर्षं तेच केलं. योगिताला हे माहीत नव्हतं. तिने त्या दिवशी त्या दिवसाचीच तारीख टाकली, स्वतःचं नाव टाकलं. चुकली नाही ती, शिकवल्याप्रमाणे वागली. आणि मी ते बघत होतो. पहिल्या पानालाच थांबवायला हवं होतं. पण तिचं अक्षर इतकं नीट दिसत होतं की मला थांबवावंसं वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात तपासणी आली. २९ नोव्हेंबरला ही कोण बाई? मॅडम अडचणीत आल्या. एरवी मॅडम मला सगळं कागदावर लिहून सांगतात, बहिरा म्हणून. हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. तोंडानेच सांगितलं, दोनदा, मला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश. ‘काका, लाइन मारी दो. बाजूमां तमारी सही करी दो. वात पूरी.’ म्हणजे रेघ मारा, सही करा, विषय संपला.

केलं नाही तर एक मार्चपासूनची ऑर्डर निघणार नाही, हे ललितभाई क्लार्कने मागून खुणेने सांगितलं.

आक्का, मी चार पानांवर चार रेघा मारल्या. पट्टी ठेवून मारल्या, सरळ. बाजूला लिहिलं, ‘चुकीची नोंद’, आणि माझी सही केली, तारीख सोमवारची. पोरीने त्या दिवशी एकही चूक केली नव्हती. एक्क्याण्णव लोकांत एकही नाही. आणि मी लिहिलं चुकीची नोंद.

मला ती खिडकी सोडवली नाही. दुसरं कारण नाही. योगिता, मला माफ कर असं मी म्हणत नाही.

बळी

*

४ फेब्रुवारी २०२६

भाऊ बळी,

तुझ्या खोकल्याचं ऐकून काळजी वाटली. अडुळशाची पानं वाळवून पाठवते आहे. दोन पानं, थोडी सुंठ, गूळ, काढा करून घे. मयुरीला येत नसेल तर तिला लिहून दे. म्हातारपणातला खोकला छातीत घर करतो.

पोर शहाद्याला मेडिकलवर जायला लागली. पण माझं मन तिकडे नाही. परवा गावातल्या नूतनच्या लग्नात मला बायकांनी विचारलं, मी ताठ मानेने सांगितलं, सुरतेच्या सरकारी दप्तरात तिचं नाव चढलेलं आहे, जागा निघाली की आधी तिला. कोणी काही बोललं नाही. असं पहिल्यांदा झालं, बळी. मागच्या चार वर्षांत लग्नाला गेले की मी भिंतीकडे तोंड करून जेवते.

या आखाजीच्या सणाला मी तुझ्याकडे येणार. सगळ्याजणी माहेरी जातात, मी किती वर्षं गेले नाही. माहेर म्हणजे आता तूच. मला ते केंद्र दाखव आणि ते पान दाखव. मला वाचता येत नाही, पण तू बोट ठेवशील तिथे मी बघेन. हात फिरवीन त्याच्यावर.

सुभद्रा

मामा, तुम्हाला खोकला नाही हे मला माहीत आहे. तुमचं पत्र मी वाचायला घेतलं, पतंगांपर्यंत नीट वाचलं, आणि पुढचं डोळ्यांनी दिसलं. आई समोर बसून शेंगा सोलत होती. मला ते मोठ्याने वाचवेना. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून खोकला घातला.

मला फार राग आला तुमचा. मी त्या रात्री जेवले नाही. जागा मिळाली नाही ती तुमच्यामुळे नाही, ते मला कळतं. पण ‘चुकीची नोंद’ तुमच्या हाताने? दुसऱ्या कोणी लिहिली असती तर मी भांडले असते. तुमच्याशी कशी भांडू?

आता कृपा करून ते पुन्हा पत्रात लिहू नका. तिला तेवढं एक राहू द्या. आणि आखाजीला ती आली तर दुसऱ्या कुठल्याही नावावर बोट ठेवा. तिला काय कळणार आहे?

योगिता

*

सुरत
९ एप्रिल २०२६

आक्का, पाया पडतो.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू चिंता केली असशील. योगिता, हे पत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. यात खोकला घालू नकोस. मी चौथ्यांदा लिहितो आहे, तीन फाडली.

आक्का, मला खोकला झालाच नव्हता. जानेवारीच्या पत्रात मी तुला एक गोष्ट लिहिली होती, ती पोरीने तुला दुखू नये म्हणून गिळली. तिचा काही दोष नाही. ती गोष्ट अशी, की त्या रजिस्टरमधलं तुझ्या पोरीचं नाव मी खोडलं. माझ्या हाताने. बाजूला लिहिलं की चुकीची नोंद. माझी ऑर्डर टिकावी म्हणून.

मार्चमध्ये नवी ऑर्डर मिळाली. मी खिडकीवर बसलो. काम तेच, लोक तेच. पण रजिस्टर उघडलं की तू आठवायचीस. तू येणार, मी बोट ठेवणार, ठरवून एखाद्या बाईचं नाव शोधायचं ज्याला रेघ नाही. मी खरंच शोधलं, आक्का. डिसेंबरच्या पानांवर एका पेशंटबाईचं नाव होतं, तिचंही योगिताच. त्यावर बोट ठेवायचं ठरवलं. आणि मग स्वतःचीच किळस आली. तू त्या नावावर हात फिरवशील आणि मी बाजूला उभा राहून बघेन. ते मला जमलं नसतं.

मागच्या महिनाअखेरीला मी मॅडमना लेखी दिलं आणि एक प्रत वरच्या ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवली. लिहिलं, की २९ नोव्हेंबरची चार पानं योगिताने लिहिली, ती नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, तिच्या सगळ्या नोंदी साठ्याशी जुळतात. तिला खिडकीवर मी बसवलं. चुकीची नोंद तिची नाही, माझी आहे. आणि ब्रेकच्या दिवसाच्या माझ्या सहा वर्षांच्या सगळ्या तारखा खोट्या आहेत, हेही लिहिलं.

मॅडमनी ते वाचलं. मग कागद ओढून लिहिलं, ‘काका, काय गरज होती?’ मराठीत लिहिलं. एवढ्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं की त्यांना मराठी लिहिता येतं.

चौथ्या दिवशी मला मुक्त केलं. सोमवारी नवे गृहस्थ चार्ज घ्यायला आले. निवृत्त. माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठे, हाताला कंप. साठा मोजून त्यांच्या ताब्यात दिला, एक स्ट्रिप इकडची तिकडे नव्हती. त्यांनी मला विचारलं, ब्रेकच्या दिवशी काय करायचं? मी म्हटलं, घरी राहा.

तेव्हा आक्का, पोरीला जागा मिळाली नाही, माझी गेली, आणि पान जसंच्या तसं खोडलेलंच आहे. माझ्या कागदाची कोणी दखल घेतली असेल असंही वाटत नाही. सगळं करून हाती काही नाही. फार थकलोय. आखाजीला आलीस तर केंद्र दाखवता येणार नाही. नाही आलीस तरी मी समजेन.

बळी

*

१४ एप्रिल २०२६

मामा,

सगळं वाचलं, पहिल्या अक्षरापासून. दोन ठिकाणी थांबले, पण वगळलं काही नाही.

आईने सगळं ऐकलं. उठून गेली, भाकरी केल्या, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी मेडिकलवरून आले तर भांडी घासताना म्हणाली, ‘मनी पोरनं नाव काबर खोडं त्यानी?’ माझ्याशी नाही, भांड्यांशीच. नूतनच्या आईला पुन्हा तोंड कसं दाखवायचं, हे तिचं चाललं होतं. मी सांगितलं, नको दाखवूस. तर म्हणाली, ‘नही, सांगसू. खोडं म्हनी सांगसू, कोनी खोडं ते बी सांगसू.’ आणि खरंच जाऊन सांगून आली. काय ऐकून आली ते तिने मला सांगितलं नाही.

आज सकाळी तिने तुमचं पत्र मागितलं. उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं. विचारलं, यात तुझं नाव आहे का? मी दाखवलं. आणखी कुठे? मी सगळीकडे दाखवलं. त्या पेशंटबाईचं सोडून. तिने प्रत्येकावर बोट फिरवलं आणि प्रत्येक वेळी विचारलं, ‘हाई खोडेल शे का?’ मी म्हटलं, नाही. ‘हाई?’ नाही. ‘आनि हाई?’ नाही, आई.

मग तिने पत्राची घडी घातली आणि माझ्या सर्टिफिकेटांच्या पिशवीत ठेवली.

मामा, माझा राग गेलेला नाही. थोडा कमी झालाय, एवढंच सांगते. आईला विचारलं, तुझ्यातर्फे काय लिहू? म्हणाली, लिही की मी रागावले आहे. मी लिहिलं. म्हणाली, लिही की शनिवारच्या गाडीने दोघी येतो. तेही लिहिलं. आणि विचारायला सांगितलं आहे, आता तू दिवसभर घरीच असतोस ना?

योगिता